पाककृतीच्या बाहेर उरणारी चव

सहलीच्या ठिकाणी एखाद्या खाणावळीत चाखलेली चव घरी परतल्यावरही मनातून जात नाही आणि ती पुन्हा मिळावी म्हणून माणूस महिनोन्महिने खटपट करत राहतो, ही प्रवृत्ती पर्यटनाच्या प्रसाराबरोबर सर्वत्र आढळू लागली आहे. अशा शोधाचा विषय बहुधा मुख्य पदार्थ नसतो. मासा, कोंबडी किंवा बटाटा कोणत्याही शहरात मिळतो, पण त्याच्यावर ओतलेला, त्याला चोपडलेला किंवा त्याच्यासोबत वाटीत आलेला सॉस मात्र त्या ठिकाणापुरता असतो आणि आठवणीत तोच उरतो. सॉस या संज्ञेचा अर्थ येथे व्यापक धरला आहे: मूळ पदार्थाला चव, ओलावा आणि ओळख देण्यासाठी वेगळे तयार केलेले दाट किंवा पातळ मिश्रण म्हणजे सॉस, आणि मराठी स्वयंपाकात हेच काम वाटण, रस्सा, चटणी आणि सार हे आपापल्या वाट्याप्रमाणे करत आले आहेत. या शोधामागे एक गृहीतक असते. त्या चवीची एक निश्चित पाककृती कुठेतरी अस्तित्वात आहे, खाणावळीचा मालक ती गुप्त ठेवतो आणि ती हाती आली की चवही हाती येईल, असे शोधणारा धरून चालतो. प्रस्तुत विवेचनाचा रोख या गृहीतकाकडे आहे, कारण बहुतेक वेळा पाककृती मिळते आणि चव मात्र मिळत नाही. आणि असे का होते याचा विचार केला, तर लपवलेल्या ज्ञानापेक्षा गृहीत धरलेले ज्ञान परक्याला अधिक दुर्गम असते, असे दिसून येते.

महाराष्ट्रातून गोव्याला जाणाऱ्या प्रवाशांच्या बाबतीत हा अनुभव रेशाद मसाल्याच्या निमित्ताने वारंवार येतो. रेशाद हे सुक्या लाल मिरच्या, लसूण, आले, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, थोडी चिंच आणि चिमूट-दोन चिमूट साखर व्हिनेगरमध्ये वाटून केलेले गर्द तांबडे वाटण असून ते बांगड्याच्या दोन्ही अंगांना काट्यालगत चीर देऊन आत भरले जाते आणि मग तो बांगडा तव्यावर परतून कुरकुरीत केला जातो. पोर्तुगीज भाषेत भरलेल्या पदार्थाला जो शब्द आहे त्यावरूनच त्याला हे नाव पडले. पर्यटकाच्या पानात जेव्हा असा बांगडा येतो तेव्हा माशातून बाहेर आलेले, तेलात थोडे करपलेले ते वाटण भाताबरोबर किंवा पावाबरोबर वेगळे खाल्ले जाते, आणि पहिल्यांदा तिखट, लगेच आंबट, मग किंचित गोड आणि शेवटी लवंग-दालचिनीचा गरम वास अशा क्रमाने उलगडणारी त्याची चव मालवणी किंवा कोल्हापुरी मसाल्याच्या सवयीतल्या जिभेला अनोळखी वाटते. हा मसाला गुप्त नाही. गोव्यातील बहुतेक ख्रिस्ती घरांत तो होतो, स्वयंपाकाच्या पुस्तकांत तो छापलेला आहे, बाटलीबंद स्वरूपात तो दुकानांतही मिळतो. तरीही पुण्यात किंवा नागपुरात छापील कृती बरहुकूम पाळून केलेला रेशाद गोव्यात खाल्लेल्या रेशादसारखा लागत नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते, आणि मग खाणावळवाल्याने काहीतरी राखून ठेवले असावे असा संशय बळावतो.

संशयाचे निरसन आंबटपणापासून सुरू करावे लागते. मराठी स्वयंपाकाला आंबटाची वाण कधीच नव्हती. चिंच, आमसूल, कैरी, लिंबू, ताक ही त्याची साधने आहेत आणि त्यांचा वापर कशात कधी करायचा याचे बारीक नियमही आहेत. व्हिनेगर मात्र बहुतेक मराठी घरांत चायनीज पदार्थांच्या मागोमाग आले आणि तेही पांढऱ्या, पाण्यासारख्या दिसणाऱ्या बाटलीतून. ही बाटली बहुधा कृत्रिम व्हिनेगरची असते, म्हणजे त्यात ॲसिटिक आम्ल पाण्यात मिसळून विरळ केलेले असते. भारतीय अन्नमानकांनी आंबवून केलेले व्हिनेगर आणि असे कृत्रिम व्हिनेगर यांत स्पष्ट भेद केला आहे. दोहोंत ॲसिटिक आम्लाचे प्रमाण किमान 3.75 टक्के असावे लागते, परंतु दुसऱ्या प्रकारच्या बाटलीवर ते कृत्रिम असल्याचे छापणे बंधनकारक आहे. पाककृतीच्या दृष्टीने दोन्ही पदार्थ अर्धी वाटी व्हिनेगर एवढेच असतात. जिभेच्या दृष्टीने मात्र पहिल्यात आम्लाबरोबर आंबण्याच्या क्रियेत निर्माण झालेली सुवासिक द्रव्ये, थोडी उरलेली साखर आणि सूक्ष्मजीवांनी मागे ठेवलेले इतर अनेक पदार्थ असतात, तर दुसऱ्यात निव्वळ आम्ल असते. त्यामुळे एकाने वाटणाला गोलाई येते आणि दुसऱ्याने ते बोचरे होते.

गोव्यातील जुन्या घरांत आणि चांगल्या खाणावळींत वापरले जाणारे व्हिनेगर माडाच्या सुरेचे असते. सूर म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्यातून पाझरणारा गोड रस, ज्याला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर माडी म्हणतात; आणि ती काढणाऱ्या कारागिराला गोव्यात रेंदेर म्हणतात. फुलोरा ज्या आवरणात बंद असतो त्या पोयीला रेंदेर दोरीने घट्ट आवळून बांधतो, तिच्यावर हलक्या हाताने ठोके देतो, काती नावाच्या धारदार कोयत्याने तिच्या टोकाचा पातळ काप काढतो आणि खाली मडके अडकवतो; सकाळी आणि संध्याकाळी जमलेली सूर उतरवण्यासाठी व मध्ये एकदा पोयीची निगा राखण्यासाठी तो दिवसातून तीन वेळा त्याच माडावर चढतो. मडक्यात रस पडू लागल्यापासूनच हवेतील आणि मडक्याला चिकटलेले यीस्ट त्यातील साखरेचे अल्कोहोल करू लागते, आणि पुढे ती सूर बरणीत आठवडेच्या आठवडे राहू दिली की ॲसिटिक जिवाणू हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने त्या अल्कोहोलचे आम्ल बनवतात. ही दुसरी पायरी सजीवांमुळे घडते हे लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकात प्रयोगांनी दाखवून दिले. परंतु ती घडवून आणण्याचे तंत्र त्याच्या शेकडो वर्षे आधी गोव्यात रुळलेले होते. वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या 1563 साली गोव्यातच छापल्या गेलेल्या वनौषधिविषयक ग्रंथात माडाच्या सुरेपासून मद्य, व्हिनेगर आणि गूळ कसे होतात याचे वर्णन आलेले आहे. म्हणजे पाककृतीत एका ओळीत उरकलेल्या घटकामागे एक झाड, एक व्यवसाय, एक हवामान आणि काही शतकांची सवय उभी असते.

मिरचीची गोष्ट याहून निराळी नाही. सुकी लाल मिरची अशा नोंदीवर महाराष्ट्रातील घरात संकेश्वरी किंवा लवंगी मिरची घेतली जाण्याचा संभव असतो, तर रेशादाला रंग अधिक आणि जाळ कमी अशी मिरची लागते; म्हणून काश्मिरी किंवा ब्याडगी वापरली तर ते निम्मे जुळते. गोव्याच्या स्वतःच्या मिरच्या, उदाहरणार्थ काणकोण तालुक्यातील डोंगरउतारांवर पावसाच्या पाण्यावर घेतली जाणारी खोला मिरची आणि पेडण्याच्या बाजूची हरमल मिरची, यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भौगोलिक मानांकन म्हणजे एखाद्या वस्तूचा गुण तिच्या उत्पत्तिस्थानाशी निगडित असल्याची कायदेशीर ओळख होय. भारतात यासाठीचा कायदा 1999 मध्ये संमत झाला आणि 2003 पासून अमलात आला. त्याखेरीज वाटण्याची पद्धतही परिणाम करते. रेशाद वाटताना पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, मिरच्या व्हिनेगरमध्येच भिजवायच्या आणि व्हिनेगरमध्येच वाटायच्या, हा दंडक गोव्यातील गृहिणीला सांगावा लागत नाही. मिक्सरचे पाते फिरेना म्हणून पाव वाटी पाणी घालणाऱ्या परगावच्या स्वयंपाक्याला तो ठाऊक नसतो. पाणी न घातल्याने आम्लता टिकते, आम्लतेमुळे वाटण आठवडेच्या आठवडे खराब होत नाही, आणि टिकते म्हणूनच ते मुरते. ताज्या वाटणात लसणीचा उग्रपणा, मिरचीचा जाळ आणि लवंगेचा वास हे सुटेसुटे जाणवतात. मुरलेल्या वाटणात ते एकमेकांत मिसळलेले असतात. खाणावळीत पर्यटकाच्या ताटात येते ते बहुधा मोठ्या प्रमाणावर आधी करून ठेवलेले वाटण, तर घरी पहिल्या प्रयत्नात केलेले वाटण त्याच दिवशी तव्यावर जाते. कृतीत सगळे घटक असतात, पण घटकांना दिलेला अवधी नसतो.

या सर्व गोष्टी पाककृतीत का येत नाहीत, हा प्रश्न ज्ञानाच्या स्वरूपाशी जाऊन भिडतो. मायकेल पोलान्यी या विचारवंताने विसाव्या शतकाच्या मध्यास अव्यक्त ज्ञानाची कल्पना मांडली. माणसाला शब्दांत सांगता येते त्याहून अधिक माहीत असते, आणि कौशल्याचा मोठा भाग सांगण्यातून नव्हे तर सहवासातून हस्तांतरित होतो, असा तिचा आशय आहे. ही कल्पना बहुधा हाताच्या कसबाला लावली जाते: मसाला किती परतावा, पाक एकतारी कधी झाला हे पाहूनच कळते. परंतु रेशादाच्या उदाहरणात अव्यक्त राहिलेली गोष्ट केवळ हातात नाही, ती बाजारातही आहे. गोव्यातील बाईला व्हिनेगर म्हणजे माडाचे विनागर एवढेच अभिप्रेत असते, कारण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तिला तेच दिसत आले आहे. तिने कोणते व्हिनेगर हे सांगितले नाही यात लपवाछपवी नसते, कारण त्या प्रश्नाला जागाच नसते. प्रत्येक पाककृती ही एका विशिष्ट वाचकाला उद्देशून असते आणि त्या वाचकाला जे ठाऊक आहे ते वगळूनच ती लिहिली जाते. वाचक बदलला की वगळलेला भाग उणीव बनतो.

मराठीतील पाकशास्त्रीय लेखनाचा प्रवासही याच अंगाने वाचता येतो. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक 1910 मध्ये आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 मध्ये प्रसिद्ध झाले. ‘रुचिरा’ घराघरांत पोहोचली याचे एक प्रमुख कारण तिने वाटी आणि चमचा ही कोणत्याही घरात सापडणारी मापे स्वीकारली हे मानले जाते. अंदाजे मीठ आणि बेताचे तिखट या शब्दप्रयोगांनी सासूच्या किंवा आईच्या शेजारी उभे राहून शिकणाऱ्या मुलीचे काम भागत होते; नोकरीनिमित्त परगावी बिऱ्हाड थाटलेल्या किंवा परदेशी गेलेल्या कुटुंबाला त्या अंदाजाचा आधार उरलेला नव्हता आणि म्हणून मापाची निकड निर्माण झाली. तात्पर्य, तपशीलवार पाककृती ही मुळातच अंतराची निर्मिती आहे. जिथे शिकवणारी व्यक्ती जवळ आहे तिथे तिची फारशी गरज भासत नाही. सुटीतली चव शोधणारा माणूस या अंतराच्या टोकाला उभा असतो, कारण त्याला त्या घराचा सहवासही नसतो आणि त्या बाजाराचा परिचयही नसतो, फक्त एका जेवणाची स्मृती असते.

खरोखर गुप्त ठेवलेले सॉस जगात आहेत, हे नाकारता येणार नाही. पॅरिसमध्ये 1959 साली पोल जिनेस्त द सोर्स यांनी सुरू केलेल्या एका खाणावळीत गोमांसाचा एकच पदार्थ, तळलेले बटाटे आणि एक लोणीयुक्त हिरवट सॉस एवढाच बेत असतो. त्यांच्या वंशजांनी पुढे वेगवेगळ्या शाखा काढल्या, दारांपुढे रांगा लागत राहिल्या, आणि त्या सॉसचे घटक कोणते यावर वृत्तपत्रांतून तर्कवितर्क झाले, तरी कुटुंबाने ते जाहीर केलेले नाहीत. अशा गुप्ततेला कायद्याची विशिष्ट पार्श्वभूमी आहे. घटकांच्या नुसत्या यादीला लेखाधिकार, म्हणजे कॉपीराइट, मिळत नाही, आणि स्वामित्वहक्क, म्हणजे पेटंट, घ्यायचे तर कृती उघड करावी लागते व वीस वर्षांनी ती सर्वांची होते. म्हणून ज्याला चवीवर कायमची मक्तेदारी हवी त्याच्यापुढे मौन हाच मार्ग उरतो. कोका-कोलाने 1977 मध्ये भारत सोडला त्या वेळी परकीय भागभांडवल कमी करण्याच्या अटीइतकाच पेयाच्या सूत्राचा प्रश्नही गाजला होता. मात्र गुप्तता हा व्यापाराचा गुण आहे, स्वयंपाकाचा नव्हे. ज्या खाणावळीचा सगळा धंदा एकाच सॉसवर चालतो तिला गुपित परवडते आणि लागतेही; ज्या गावात तो सॉस घराघरांत होतो तिथे गुपिताला अर्थ नसतो. पर्यटक मात्र दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी पहिल्या प्रकारचे प्रश्न घेऊन जातो. तो विचारतो, यात विशेष काय घातले आहे. आणि उत्तर मिळते, विशेष काही नाही, नेहमीचेच. हे उत्तर त्याला टाळाटाळ वाटते, वास्तविक तीच सर्वांत उपयोगी माहिती असते, कारण नेहमीचे म्हणजे काय हेच त्याला शोधायचे असते.

चव चाखणाऱ्याचा वाटाही हिशेबात धरावा लागतो. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी अशा पाच मूळ चवी कळतात. यांपैकी उमामी ही मांस, टोमॅटो, सुकी मासळी यांत जाणवणारी रसरशीत चव ग्लुटामेट या द्रव्यामुळे येते हे किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1908 मध्ये दाखवले. तिखट ही या अर्थाने चव नाही. मिरचीतील कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना उद्दीपित करते, म्हणून तोंड भाजल्याचा भास होतो, आणि या चेतातंतूंवरील कॅप्सेसिन ओळखणाऱ्या ग्राहक-प्रथिनाचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस 2021 च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. ज्याला व्यवहारात चव म्हटले जाते त्याचा मोठा भाग वासाचा असतो, कारण चावताना सुटलेले सुगंधी कण घशामागून नाकात जातात. आणि गंधाचे संदेश मेंदूतील भावना व स्मृती यांच्याशी संबंधित भागांपर्यंत इतर संवेदनांच्या मानाने थेट पोहोचतात. त्यामुळे वासाबरोबर प्रसंगही साठवला जातो. समुद्रात पोहून आल्यानंतरची भूक, घामाने शरीरातून गेलेले मीठ, घड्याळाकडे पाहायची गरज नसलेली दुपार आणि सोबतची माणसे ही रेशादाच्या यादीत कोणी लिहीत नाही, पण पर्यटकाच्या स्मृतीत ती वाटणाइतकीच मिसळलेली असतात.

येथेच एक अवघड मुद्दा उपस्थित होतो. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1932 मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की आठवणे म्हणजे साठवलेली प्रत बाहेर काढणे नव्हे, तर उपलब्ध तुकड्यांतून प्रत्येक वेळी नव्याने केलेली रचना होय. हे मान्य केले तर घरी केलेल्या प्रत्येक प्रयत्नाची तुलना ज्या मूळ चवीशी केली जाते ती स्वतःच स्थिर राहत नाही. दर प्रयत्नाबरोबर, दर वेळी कोणाला तरी केलेल्या वर्णनाबरोबर ती थोडी बदलते आणि बहुधा अधिक उजळ होते. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की सगळी चव परिस्थितीतच असते आणि शोध व्यर्थ आहे. हा निष्कर्ष घाईचा आहे. कृत्रिम व्हिनेगर आणि सुरेचे व्हिनेगर यांतील फरक समुद्रकिनाऱ्याच्या मोहिनीतून निर्माण होत नाही. तो डोळे झाकून चाखणाऱ्यालाही कळतो. चवीचा काही भाग पदार्थात, काही भाग प्रसंगात आणि काही भाग स्मृतीच्या कारागिरीत असतो, आणि शोधाचे पहिले फलित म्हणजे हे तीन भाग एकमेकांपासून वेगळे करता येणे. जो भाग पदार्थात आहे त्यासाठी खटपट करणे योग्य ठरते. जो प्रसंगात आहे त्याचा राग बाटलीतल्या मसाल्यावर काढण्यात अर्थ नसतो.

रेशादाचा आणि त्याच्या भावंडांचा इतिहास पाहिला तर या शोधाला आणखी एक परिमाण लाभते. आफोंसो द आल्बुकेर्क याने 1510 मध्ये गोवा जिंकल्यानंतर आलेल्या पोर्तुगिजांजवळ मांस द्राक्षमद्यात आणि लसणीत मुरवण्याची एक पद्धत होती. उष्ण प्रदेशात, युरोपातून जहाजाने महिनोन्महिन्यांनी येणाऱ्या मद्यावर रोजचा स्वयंपाक चालणे शक्य नव्हते. त्याची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली. अमेरिका खंडातून पोर्तुगीज जहाजांबरोबर आलेली मिरची त्यात पडली, मलबारची मिरी आणि पूर्वेकडील लवंग-दालचिनी हाताशी होतीच, आणि स्थानिक स्वयंपाक्यांच्या हातून जे तयार झाले ते आज विंदालू म्हणून ओळखले जाते. आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींकडून, विशेषतः मोझांबिकच्या दिशेने, आलेल्या कोंबडीच्या पदार्थाने गोव्यात हिरवी मिरची, कोथिंबीर आणि व्हिनेगर यांचे वाटण धारण केले आणि काफ्रियाल झाला. म्हणजे ज्या चवीला आजचा पर्यटक अस्सल मानून तिच्या मागे लागतो, ती स्वतःच दूर राहिलेल्या दुसऱ्या चवीच्या फसलेल्या नकलेतून जन्मली आहे. लिस्बनची चव गोव्यात मिळाली नाही, म्हणून गोव्याची चव निर्माण झाली.

याच प्रक्रियेची दुसरी शाखा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दिसते. वसई 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आली, तोवर दोन शतके ती पोर्तुगीज अमलाखाली होती. त्या परिसरातील आणि मुंबईतील मराठी बोली बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाने विंदालूचाच एक भाऊबंद असलेला इंदियाल जपला आणि त्याचबरोबर बाटली मसाला नावाचे स्वतःचे मिश्रण घडवले. उन्हाळ्यात मिरच्या व पंचवीस-तीसपर्यंत मसाल्याचे जिन्नस वाळवून, भाजून, कांडून ते गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरले जातात आणि त्यावर वर्ष निघते. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे असते. गोवा आणि वसई यांना बाहेरून मिळालेला वारसा बऱ्याच अंशी समान होता. हाताशी असलेले जिन्नस आणि शेजारचा स्वयंपाक वेगळा होता, आणि त्या वेगळेपणातून दोन भिन्न, सारख्याच खऱ्या चवी उभ्या राहिल्या.

इंग्लंडमधील वूस्टरशायर सॉसभोवती सांगितली जाणारी कथा तर सुटीतल्या सॉसच्या शोधाचीच आहे. बंगालचा गव्हर्नर राहिलेल्या एका उमरावाने तिकडे चाखलेल्या सॉसची कृती वूस्टर शहरातील ली आणि पेरिन्स या औषधविक्रेत्यांकडे दिली, त्यांनी केलेले मिश्रण कोणालाच आवडले नाही, ते तळघरात पडून राहिले आणि पुढे चाखून पाहिले तेव्हा ते उत्कृष्ट झालेले आढळले, अशी ती आख्यायिका आहे. ज्या उमरावाचे नाव त्यात घेतले जाते तो बंगालचा गव्हर्नर कधीच नव्हता, त्यामुळे कथेचा पूर्वार्ध इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. ली आणि पेरिन्स यांनी 1837 च्या सुमारास सॉस विकायला सुरुवात केली आणि त्यातील खारवलेले मासे, चिंच व व्हिनेगर दीर्घकाळ मुरवले जातात, एवढे निश्चित आहे. तरीही आख्यायिकेचा रोख अचूक आहे. नक्कल म्हणून ते मिश्रण फसले. काळाने त्यावर काम केल्यानंतर ते स्वतःच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

यावर एक आक्षेप संभवतो. फसलेली नक्कलच जर नवी चव निर्माण करत असेल, तर मूळ घटकांचा आग्रह धरायचा कशासाठी, आणि पांढऱ्या बाटलीतले व्हिनेगर घालून केलेल्या रेशादाला तरी नवी निर्मिती का म्हणू नये? याचे उत्तर बदल आणि अज्ञान यांतील भेदात आहे. ज्यांनी मद्याच्या जागी सुरेचे व्हिनेगर घातले त्यांना मद्य त्या पदार्थात कोणते काम करते हे माहीत होते: ते मांस मऊ करते, टिकवते आणि त्याला आंबूस सुगंध देते, त्यांनी तेच काम करू शकणारे दुसरे द्रव्य निवडले. जो माणूस चिठ्ठीवर व्हिनेगर लिहिलेले पाहून हाती लागेल ती बाटली उचलतो त्याने काहीही निवडलेले नसते. विनागर मिळत नसेल तर पिकलेल्या चिंचेचा कोळ, थोडा गूळ आणि उसाच्या रसापासून आंबवलेले व्हिनेगर यांच्या योगाने त्याची गोलाई साधण्याचा प्रयत्न करणे हा जाणता बदल होय, आणि असा बदल करणारा माणूस मूळ चवीपासून दूर गेला तरी तिच्या तर्काच्या जवळ असतो. म्हणून शोधणाऱ्याने पाककृती मागण्याऐवजी कामे विचारावीत हे अधिक फलदायी ठरते: आंबटपणा कशाचा आहे, तो आधी घालायचा की शेवटी, मिरची रंगासाठी आहे की जाळासाठी, वाटण किती दिवस ठेवतात आणि ठेवल्याने त्याचे काय होते.

अशा प्रश्नांचा आणखी एक परिणाम असा की ते शोधणाऱ्याला मालकाच्या गल्ल्यापासून उचलून त्या चवीच्या खऱ्या उगमांकडे नेतात. गुपिताच्या कल्पनेत चवीचे श्रेय एका हुशार आचाऱ्याला किंवा एका नावाजलेल्या खाणावळीला मिळते. कामाच्या दृष्टीने पाहिले तर ते रेंदेर, डोंगरउतारावर मिरची लावणारे शेतकरी, बाजारात बसून विनागर विकणाऱ्या बाया आणि आपल्या प्रमाणाची कधीही नोंद न केलेल्या गृहिणी यांच्यात वाटले जाते. माडावर दिवसातून तीनदा चढण्याचा व्यवसाय कष्टाचा आणि जोखमीचा असल्याने त्यात येणारी तरुण माणसे कमी होत आहेत, आणि उद्या सूर काढणारे उरले नाहीत तर सर्व पुस्तकांतील सर्व पाककृती जशाच्या तशा शिल्लक राहूनही रेशादाची ती चव संपलेली असेल. भौगोलिक मानांकनासारखी साधने नावाचे रक्षण करू शकतात. चव मात्र माणसे ते काम करत राहिली आणि त्या कामाचे मोल मिळत राहिले तरच टिकते. सुटीत चाखलेल्या सॉसचा माग काढणाऱ्याला शेवटी तीच चव आपल्या तव्यावर उतरवता येईल किंवा येणारही नाही; परंतु ती न उतरण्याचे नेमके कारण ज्याला सांगता येते, त्याला त्या गावाविषयी पाहुण्याला सहसा कळत नाही इतके कळलेले असते, आणि पुढच्या वेळी तो तेथे जाईल तेव्हा कृतीची चिठ्ठी मागण्याऐवजी विनागराची बाटली योग्य दाम देऊन विकत घेईल.